मीटर आहे, पण खरं बोलतो का?

हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग माहीत आहे. सबमिशनची आदली रात्र, साडेअकरा वाजलेले आणि बाजूच्या विंगमध्ये कुणाचा तरी वाढदिवस. स्पीकर फुल्ल. एक जण रेक्टर सरांकडे जायला निघतो, दुसरा म्हणतो, "एवढा काय आवाज आहे रे?" आणि वाद सुरू. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर असाच वाद पेटला तेव्हा मी हुशारी केली. प्रोजेक्टसाठी लॅबमधून आणलेला साउंड लेव्हल मीटर कपाटातून काढला आणि कॉरिडॉरमध्ये धरला. स्क्रीनवर ७९ आलं. वाद तिथेच संपला. पुढची दहा मिनिटं मात्र मीटरसमोर ओरडून कोण मोठा आकडा काढतो याची स्पर्धा चालली. (रेकॉर्ड कुणाचं ते सांगत नाही, तो सध्या इंटरव्ह्यूच्या तयारीत आहे.)

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. आकडा दिसला की माणसं गप्प बसतात. तो बरोबर आहे का, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. आणि याच सवयीने दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला माझी चांगलीच फजिती झाली.

मी मुरुडजवळच्या कोळीवाड्यातला. सुट्टीला जाताना मीटर सोबत नेला, म्हटलं प्रोजेक्टला चार रीडिंग जास्त होतील. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याला लागून एक लॉज आहे. शनिवार-रविवारी लाइट गेली की त्यांचा जनरेटर सुरू होतो. शेजारच्या आजींना त्यामुळे झोप लागत नाही, हे त्या दोन वर्षं सांगतायत. मी संध्याकाळी किनाऱ्यावर उभा राहिलो, हात लांब केला, मीटर चालू केला. ७६! दुसऱ्या दिवशी मी हा आकडा सगळ्या वाडीत सांगितला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे नेटवर वाचलेलं होतंच. चार माणसं घेऊन लॉजच्या मालकांकडे गेलो.

मालक शांतपणे म्हणाले, "चल बाळा, माझ्यासमोर मोज." मोजलं. जनरेटर चालू, ७६. त्यांनी माणसाला सांगून जनरेटर बंद करवला. मीटरवर ७४. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आता काय समुद्र बंद करू?" मालक म्हणाले आणि लोक हसत हसत पांगले.

चूक साधी होती. मीटरच्या पेटीत काळ्या स्पंजचा एक गोळा होता. मला वाटलं ते पॅकिंग आहे! तो होता विंडस्क्रीन. मायक्रोफोनवरून वारा वाहिला की त्याच्या पडद्याजवळ हवा भोवऱ्यासारखी घुसळते आणि मीटर तोच आवाज समजून मोजतो. किनाऱ्यावरचा संध्याकाळचा वारा म्हणजे काही पंख्याची झुळूक नव्हे. नंतर गोळा लावून तिथेच उभा राहिलो तर जनरेटर बंद असताना आकडा ५६ वर आला, लाटांसकट. म्हणजे आदल्या दिवशी मी जनरेटर मोजलाच नव्हता. मी वारा मोजला होता.

दुसरी चूक म्हणजे, आवाज बंद असतानाचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं. नियम असा आहे की आवाजाचा स्रोत चालू आणि बंद, दोन्ही वेळा मोजायचं. फरक १० डेसिबल किंवा जास्त असेल तर मागचा गोंगाट विसरायला हरकत नाही. फरक ३ पेक्षा कमी असेल तर स्रोताबद्दल ठाम काही बोलू नये. माझा फरक होता २.

पण मला खरी बोच लागली ती वेगळीच. आजींची तक्रार खरी होती. रात्री वारा पडल्यावर जनरेटर स्पष्ट ऐकू येतो, मी स्वतः ऐकला आहे. दोन वर्षं त्यांचं म्हणणं निदान खोटं तरी कुणी म्हणत नव्हतं. माझ्या एका चुकीच्या आकड्याने ते खोटं ठरलं. आता कुणी आवाजाबद्दल बोललं की लोक म्हणतात, "त्या इंजिनीअरने मोजलं ना, समुद्राचा आवाज होता तो." मीटर नसता तर बरं झालं असतं!

दुसरा प्रसंग होडीवरचा. बाबा तांडेल आहेत. पावसाळ्यातली बंदी सोडली तर आयुष्य डिझेल इंजिनाशेजारी गेलं. हल्ली त्यांना दोनदा हाक मारावी लागते. फोनवर माझं निम्मं बोलणं त्यांना कळत नाही. आई सांगते आणि ते "हां, हां" म्हणतात. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा बहुतेक वेळा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे 'स', 'श', 'फ' अशी व्यंजनं निसटतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही.

म्हणून पद्मदुर्ग मागे पडल्यावर मी मीटर काढला. या वेळी स्पंजचा गोळा आठवणीने लावला. बाबा सुकाणू धरून बसतात तिथे, त्यांच्या कानाजवळ, 'ए' वेटिंग आणि 'स्लो' ठेवून मोजलं. आकडा ९७ च्या आसपास. बाबांना दाखवला. ते म्हणाले, "इंजिन हाय ते, बोलनारच." आणि मग, "पानी लागंल त्याला, आत ठेव."

कॉलेजला परत आल्यावर मला मेकॅनिकलच्या लॅबमध्ये कॅलिब्रेटर मिळाला. हे एक लहानसं डबीसारखं यंत्र असतं. मीटरचा मायक्रोफोन त्याच्या भोकात बसवायचा आणि बटण दाबायचं. ते १००० हर्ट्झचा एकच सूर, बरोबर ९४ डेसिबलला वाजवतं. हा ९४ कुठून आला? ध्वनीचा दाब १ पास्कल असेल तेव्हा पातळी ९४ डेसिबल होते. मोजायला सुरुवात धरलेली आहे २० मायक्रोपास्कलपासून, जो साधारण निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा दाब. म्हणजे मीटरने ९४ दाखवायला हवं. आमच्या मीटरने दाखवलं ९०.८.

म्हणजे ३ डेसिबलहून जास्त चूक. आता गंमत बघा. मला वाटलं, ठीक आहे, ९७ मध्ये ३ मिळवू, होडीवर १०० होते. मेकॅनिकलच्या सरांनी विचारलं, "नेण्याआधी तपासला होतास?" नव्हता. "मग तो होडीवर असतानाच चुकत होता, की खाऱ्या हवेत बिघडून नंतर चुकायला लागला, हे कशावरून ठरवणार?" उत्तर नव्हतं. म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कॅलिब्रेटर लावायचा असतो. दोन्हीत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर मधली सगळी रीडिंग रद्द समजायची.

कुणी म्हणेल, ३ डेसिबलने काय होतं? शंभरातले तीन मार्क गेले तर कुणी मरत नाही. पण डेसिबल ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे, मार्कांची नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काम चालू शकतं आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. बाबा तिथे किती वेळ बसावेत, याचं उत्तर अर्धा तास की पाव तास, हे मला माझ्याच मीटरवरून सांगता येत नाही. (दोन्ही उत्तरं त्यांच्या कामाच्या तासांपुढे हास्यास्पद आहेत, ते वेगळं.) इंजिनाला कव्हर करा, कानाला मफ लावा, एवढं मी सांगितलंच. पण सोसायटीत जाऊन सगळ्या होड्यांसाठी काही मागायचं तर हातात कागद लागतो. तो माझ्याकडे नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझं मत असं आहे की न तपासलेला मीटर देण्यापेक्षा विभागाने मीटर देऊच नये. हे वाचून काही मित्र म्हणतील, "एवढा बाऊ कशाला? मोबाईलवर ॲप आहे की!" ॲप जरूर वापरा, खोलीतला पंखा जास्त की रस्ता जास्त, एवढं त्यातून कळेल. पण फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. मोठ्या आवाजाला तो स्वतःच दबतो आणि दोन कंपन्यांचे फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात. त्यावर भांडण करता येतं, तक्रार करता येत नाही.

आणि तक्रारीसाठी नेमकेपणा लागतोच. आपल्याकडचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यात निवासी भागाला ५५ आणि ४५, शांतता क्षेत्राला दिवसा ५० आणि रात्री ४० अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नागरिक तक्रार करू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. रात्रीच्या वेळी बंदी मोडली जात असेल तरीही करू शकतो. कॉलेजच्या १०० मीटर परिसराला आपण सरसकट शांतता क्षेत्र म्हणतो, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. आता विचार करा, जिथे ९ आणि १० मध्ये कायद्याचा फरक पडतो तिथे ३ डेसिबल चुकणारा मीटर काय कामाचा?

हे काम विद्यार्थी करू शकतात का? करतात. पुण्याच्या सी.ओ.ई.पी.चे विद्यार्थी आणि प्राध्यापक वीसहून जास्त वर्षं गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत उभे राहून आवाज मोजत आले आहेत. वर्तमानपत्रं त्यांचे आकडे छापतात, कारण ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दरवर्षी मोजतात. एका रात्री कुणीतरी मीटर वर करून ओरडला, असं ते नसतं.

आमच्या विभागाचा मीटर चांगला आहे. हाल आपण केले आहेत. मी परत केला तेव्हा पेटीत सिलिका जेलची पुडी होती, पण ती कधीच ओली होऊन गेलेली. बॅटरीच्या खणात पांढरी बुरशी, म्हणजे जुना सेल आतच गळलेला. प्रयोगशाळेतून तपासून आणल्याचं स्टिकर होतं, त्यावरची तारीख मी इथे छापत नाही, सरांना ओशाळं वाटेल. मायक्रोफोनचा पडदा केसापेक्षा पातळ असतो. त्याच्यावर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करायचं नसतं, बोट लावायचं नसतं, रुमालाने पुसायचं तर मुळीच नसतं. एसी लॅबमधून दमट हवेत काढल्यावर चष्म्यावर धुकं येतं तसं त्या पडद्यावरही येऊ शकतं. थोडा वेळ पेटीतच ठेवून मग चालू करावा. हे सगळं मला कळलं ते फजिती झाल्यावर. मॅन्युअल पेटीच्या तळाशी होतं, स्पंजच्या गोळ्याखाली.

वापरतानाही थोडं पथ्य आहे. जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब आणि अंगाला चिकटवून नाही, कारण आपलं शरीरही आवाज परत फेकतं. स्टँड असेल तर उत्तम. वारा जोरात असेल तर विंडस्क्रीन असूनही मोजू नये. आणि हॉस्टेलकरांसाठी खास, 'ए' वेटिंग १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल कमी करून दाखवतं, कारण कमी पातळीवर कानाला तो आवाज तसाच कमी भासतो. म्हणून भिंतीपलीकडचा सबवूफर छातीत धडधडतो आणि मीटर म्हणतो, फार काही नाही. तिथे 'सी' वर टाकूनही एक रीडिंग घ्या आणि कुठलं कोणतं ते लिहा.

विभागप्रमुखांकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, मीटरसोबत कॅलिब्रेटर घ्यावा, किंवा मेकॅनिकलचा दोन्ही विभागांत वाटून वापरावा. दोन, मीटर देताना आणि घेताना ९४ ला काय दाखवलं ते रजिस्टरमध्ये लिहून सही घ्यावी. रीडिंगपेक्षा ही सही महत्त्वाची. तीन, वर्षातून एकदा तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावा, भले त्या वर्षी गॅदरिंगचा एक बॅनर कमी होऊ दे. सेल काढून ठेवणं आणि सिलिका जेल बदलणं आम्ही विद्यार्थी करू. माझं नाव पहिलं लिहा.

मे महिन्यात मी पुन्हा मुरुडला जाणार आहे. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत होडीवर एक फेरी मारायची आहे, या वेळी आधी आणि नंतर तपासून. आजींच्या अंगणात रात्री वारा पडल्यावर एकदा जनरेटर चालू असताना आणि एकदा बंद असताना मोजायचं आहे. लॉजच्या मालकांनाही बोलावणार आहे. आकडा मर्यादेच्या आत आला तर तसं मी वाडीत सगळ्यांसमोर सांगेन. बाहेर आला तर ते माझ्यासोबत उभे असतील.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन