रेग्युलेटरच्या किमतीमागचा हिशेब
अमेरिकेतील स्कूबा डायव्हिंगच्या दुकानदाराने टाकीतील हवेचा प्रचंड दाब श्वासायोग्य करणारे उपकरण, म्हणजे रेग्युलेटर, समजा १०० डॉलरला घेऊन २०० डॉलरला विकले, तर खरेदी किमतीवरील वाढ, अर्थात मार्कअप, १०० टक्के होते. विक्री किमतीतील ढोबळ नफ्याचा वाटा, अर्थात मार्जिन, मात्र ५० टक्केच राहतो आणि त्यातूनच भाडे, पगार, विमा व टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरची देखभाल भागवावी लागते. उत्पादकाने दुकानदाराशी केलेला, किमान विक्री किंमत बांधून देणारा करार आपोआप बेकायदा ठरत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये लीगिन खटल्यात ठरवल्याने उत्पादकांना भाव टिकवणे सोपे झाले. पण केवळ किंमत पाहून चालत नाही, कारण रेग्युलेटरमधील झिजलेली ओ-रिंग, म्हणजे हवेची गळती रोखणारे रबरी कडे, वेळेवर बदलणारा जाणकार कारागीर पाण्याखाली डायव्हरचा जीव राखतो. म्हणून ग्राहकाने किमतीबरोबर दुरुस्तीच्या सोयीचाही हिशेब मांडूनच खरेदी करावी.