‘हे आधी असे नव्हते’

पंचावन्नचे गृहस्थ, आयुष्यभर भिडस्त. मेहुण्याच्या तेराव्याला पंगतीत मोठमोठ्याने विनोद करत होते, शेवटी शेजारच्याच्या पानातला लाडू उचलून खाल्ला. बायको रडत सांगते, ‘डॉक्टर, हे आधी असे नव्हते हो.’ आपण तारीख, वार, पंतप्रधान विचारतो. उत्तरं चोख येतात. मग ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून बोळवण होते, नाहीतर नैराश्याच्या गोळ्या लिहिल्या जातात.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या वर्तनप्रधान प्रकारात स्मृती सुरुवातीला बरीच शाबूत असते, म्हणूनच नेहमीची स्मृतिचाचणी इथे चकवते. आधी ढासळतात ते पुढचा सिंग्युलेट आणि इन्सुला. शरीरात उठणारी भावना ओळखणं, समोरच्याचा चेहरा वाचून वेळीच जीभ आवरणं, या व्यवहारात त्या भागांचा मोठा वाटा असतो. २०११ च्या निकषांत सहा लक्षणं आहेत: ताळतंत्र सुटणं, निरिच्छपणा, सहानुभूती आटणं, तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, खाण्याच्या सवयी बदलणं (गोडाची हाव तर हमखास विचारावी) आणि नियोजनक्षमता घटणं. पैकी तीन आढळली, तर संशय घ्यायला जागा आहे. सुरुवातीचा एमआरआय ठीक दिसला म्हणून फाइल बंद करू नये.

या विषयावर बोलताना फिनियस गेज आठवतोच. १८४८ मध्ये व्हरमाँटमध्ये सुरुंगाची पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली आणि माणूस बदलला, इथवर आपण सगळे शिकलो. पुढे तो चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे मात्र पाठ्यपुस्तकं बहुधा गाळतात. माझ्या मते त्या ठरावीक कामानेच त्याला सावरलं असावं. आपल्या रुग्णाची झीज थांबत नाही, पण बांधीव दिनक्रमाचा उपयोग त्यालाही होतो.

डोनेपेझिल इथे उपयोगी नाही, कधी चिडचिड वाढवतं. एसएसआरआयने काहींचा आततायीपणा कमी होतो. नातेवाइकांशी वेगळं बोलावं, कारण रुग्णाला स्वतःत काही बिघडल्याचं बहुधा जाणवतच नाही. फोनवरून पैसे पाठवण्याचं अ‍ॅप आणि गाडीची किल्ली हा विषय संशय येताच काढावा. निदान पक्कं होईपर्यंत थांबलं, तर तोवर एफडी मोडलेल्या असतात.