शिक्का मारला की वायरिंग झालं?

आपल्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्या तसा एक प्रश्न मला सारखा येतोय. "भाऊ, मागच्या शेडमध्ये चार्जिंगला एक बोर्ड काढायचाय. वायर, पट्टी, सगळं आणलंय. घरच्या घरी केलं तर चालेल ना?"

नाही चालणार. "वायरमनची वकिली करतोस" म्हणायची घाई असेल त्यांनी आधी पूर्ण वाचा, मग कमेंट करा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम आहेत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं घरातल्या माणसाला चालतं. नवी लाइन ओढायची तर ठेकेदार परवान्याचा हवा आणि वायरला हात लावणाराही परवान्याचा हवा. कायदा काय, आपल्याकडे हेल्मेटचाही आहे. तो क्षणभर बाजूला ठेवू.

वायरिंगची खरी गोम अशी की चुकलेल्या कामावरही बल्ब तितकाच लख्ख लागतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला तरी बटण दाबल्यावर दिवा विझतोच. होल्डरमध्ये करंट तसाच. लाइटच्या एक एमएम वायरवरून १६ अँपिअरचं सॉकेट काढलं तरी स्कूटर चार्ज होते. पण उद्या त्याच सॉकेटवर पाण्याची मोटर येते, परवा मेव्हण्याचं वेल्डिंग मशीन. एमसीबी सारखी पडते म्हणून कुणीतरी शहाणा तिथे ३२ची बसवून देतो. आता भिंतीतली वायर तापून वितळली तरी ती पडायची नाही.

सगळ्यात वाईट प्रकार अर्थिंगचा. शेडपर्यंत अर्थची वायर कोण आणणार? म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडतात. टेस्ट लॅम्प लागतो, मालक खूश. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. पावसाळा, ओली फरशी, अनवाणी पोरं. तेव्हा एमसीबी कामाची नाही, ती वायर वाचवायला असते. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते आणि खरी, जमिनीत गेलेली अर्थिंग लागते. युट्यूबवरच्या दहा मिनिटांत तुमच्या घराची अर्थिंग कुणी मोजून देत नाही.

देशात दरवर्षी शॉक लागून १२ हजारांहून जास्त माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. आपल्या बातमीत ते दोन ओळींत संपतं, "विजेच्या धक्क्याने मृत्यू". वायरिंग कुणी केलं होतं, हे आम्ही पत्रकारही विचारत नाही.

पण लोक स्वतः का करतात? कारण परवान्याच्या माणसाची किंमत आपणच शिक्क्याएवढी करून ठेवलीय. नव्या कनेक्शनला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घर न बघता तो मिळतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या टेबलावर अशा चार रिपोर्टच्या झेरॉक्स आहेत. घरं वेगळी, तारखा वेगळ्या, इन्सुलेशनचा आकडा एकच, अर्थिंगचा आकडाही एकच! चार प्लॉटवरची माती एकसारखी कशी, हे साहेबांनी सांगावं. मग सामान्य माणूस म्हणतो, शिक्क्याला पैसे द्यायचेच आहेत तर काम मीच करतो. त्याचं गणित चुकत नाही, जीव जातो.

माझी मागणी साधी आहे. परवानाधारक ठेकेदारांची नावं आणि परवाना क्रमांक वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयाच्या दारावर लावा. रिपोर्टवर घरमालकाची सही घ्या, "माझ्यासमोर मोजलं" म्हणून. आणि तुम्ही, शेडला लाइन ओढून घेणाऱ्यांनो, मेगर आणल्याशिवाय मजुरी देऊ नका. टेस्टर खिशात असलेला प्रत्येक जण वायरमन नसतो.

सोमवारी त्या चार झेरॉक्स घेऊन उपविभागात जातोय. तुमच्या घराचा रिपोर्ट काढून बघा. त्यावर मोजणीचे आकडे असतील आणि मोजायला कुणीच आलं नसेल, तर फोटो इनबॉक्स करा. नाव छापणार नाही.