आभार माना, पण उपकार म्हणू नका

दीक्षान्त समारंभांचा हंगाम आला की आमच्या फोनवर झगा-टोपीतल्या मुलामुलींचे फोटो येऊ लागतात. घरातली पहिली पदवी. खाली आईवडिलांचे, बाबासाहेबांचे आणि विद्यापीठाचे आभार. यातल्या शेवटच्या आभारांवर चळवळीतले काही साथी चिडतात. ज्या व्यवस्थेने रोहित वेमुलाला आणि त्याच्या साथींना वसतिगृहाबाहेर काढलं, महिनोन्‌महिने त्याची फेलोशिप अडवली, तिचे आभार कसले, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूला 'सरकारच्या पैशावर शिकलात, आता तरी गप्प बसा' म्हणणारे आहेतच. या दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. आभार मानणं म्हणजे तोंड बंद करणं, असं दोघेही धरून चालतात. आमचा आक्षेप नेमका इथेच आहे.

बाबासाहेबांनी आभार कसे मानले ते पाहा. जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. हातात सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, आणि तिच्या बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे, त्यातूनच पुस्तकं घ्यायची. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं. १९१७ मध्ये परत येताना त्यांचं सामान घेऊन येणारं जहाज पाणतीराने बुडवलं आणि पुस्तकं समुद्रात गेली. असे ते दिवस होते. तरी १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं की आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र आपल्याला तिथल्या वर्गमित्रांत आणि प्राध्यापकांत मिळाले. जॉन ड्यूई, शॉटवेल, सेलिगमन, रॉबिन्सन अशी चार प्राध्यापकांची नावं घेऊन लिहिलं. इमारतीला नमस्कार घातला नाही, माणसांची नावं घेतली.

सयाजीरावांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये आला तो सयाजीरावांना अर्पण केलेला, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. आणि याच महाराजांच्या बडोद्यात १९१७ साली काय झालं? कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या दिवशी ते रडले आणि कामाठी बागेत जाऊन बसले. हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीव पुसून टाकली होती आणि बडोद्याने ती परत आणून दिली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे अर्पणपत्रिका लिहिणारा हात आणि आरोपपत्र लिहिणारा हात एकच. अर्पणपत्रिकेमुळे बडोद्याचा अनुभव झाकला गेला नाही आणि त्या अनुभवामुळे सयाजीरावांचं नावही खोडलं गेलं नाही. (सराईतले ते लोक पारशी, आणि कोलंबियातला जिवाभावाचा मित्र नवल भथेना हाही पारशीच. १९२० मध्ये लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारा तोच. समाजाच्या नावाने सरसकट शिक्के मारणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.)

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेली खेड्यातली मुलं दुसऱ्याच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून राहतात. शब्द घाण आहे, व्यवहार माणुसकीचा आहे. एका कॉटवर दोघं, एका मेसच्या डब्यात दोघं. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही तेव्हा फी भरायला सीनियर उसने देतो. नोट्स एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जातात. अभ्यासिकेचा पहारेकरी रात्री अर्धा तास जास्त दिवा ठेवतो. आमच्यातले किती तरी जण याच जोरावर पदवीपर्यंत आले. पदवी घेणाऱ्या मुलीला विद्यापीठाबद्दल प्रेम वाटतं ते या विद्यापीठाबद्दल, आणि ते प्रेम खरं आहे. त्याची टिंगल करणाऱ्या साथींनी स्वतःची हॉस्टेलची वर्षं आठवावीत. हैदराबादला वसतिगृहातून काढलेल्या पाच जणांनी विद्यापीठाच्या आवारातच 'वेलिवाडा' उभारला तेव्हा त्यांच्याबरोबर बसलेले विद्यार्थीही त्याच विद्यापीठाचे होते.

शिष्यवृत्तीची गोष्ट मात्र वेगळी. ती कुणाच्या मेहरबानीची नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात बसून आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागणारे बाबासाहेबच होते. राज्यघटनेच्या ४६व्या कलमाने दुर्बल घटकांचं शैक्षणिक हित जपणं हे राज्याचं काम ठरवलं आहे. जे राज्याचं कामच आहे त्याबद्दल राज्याचे आभार मानायचे नसतात, ते झालं नाही तर जाब विचारायचा असतो. अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावं लागतं, त्या राज्याला 'सरकारच्या पैशावर शिकलात' हे वाक्य शोभत नाही.

तेव्हा यंदा झगा घातलेल्या आमच्या भावंडांनो, फोटो जरूर टाका. ज्या सरांनी पुस्तक दिलं, ज्या मैत्रिणीने कॉटची अर्धी जागा दिली, त्यांची नावं लिहा, त्यांना विचारून. आणि शिष्यवृत्तीचा कितवा हप्ता थकला आहे तेही त्याच पोस्टमध्ये लिहा, आकड्यासकट.