आय-फाइव्ह, पण कोणत्या सालचा?

बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालकांनी भरून जातो. मुलगी बीसीएला किंवा अभियांत्रिकीला जाणार, घरात डेस्कटॉप हवा आणि हातातली रक्कम ठरलेली. अशा पालकापुढे हमखास ठेवला जातो तो ‘नवा कोरा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, एसएसडी’ असा संच. भाव परवडणारा. काचेचे कॅबिनेट, आत रंगीत दिवे. प्रोसेसर मात्र २०१२ सालचा.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलची नावे वर्षानुवर्षे तीच राहिली, आतली चिप मात्र बदलत गेली. पिढी कळते ती नावापुढच्या आकड्यावरून. आय-५ ३४७० तिसऱ्या पिढीचा, आय-५ ८४०० आठव्या, आय-३ १२१०० बाराव्या. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या यंत्रांतून तिसऱ्या पिढीच्या चिप काढून घेतल्या जातात, आणि त्यांना चालतील असे एच-६१ प्रकारचे मदरबोर्ड आजही नव्याने बनून बाजारात येत आहेत. बोर्ड नवा, डबा नवा, म्हणून सगळा संगणकच नवा ठरतो. २०२२ साली आलेला आय-३ १२१०० या जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. पण ‘थ्री’ ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडते आणि ‘फाइव्ह’वर पैसे मोजते. त्या संचातल्या सोळा जीबी रॅमचेही तेच. ती डीडीआर-३ असते. उद्या बोर्ड बदलायची वेळ आली तर ती नव्या बोर्डात बसणारच नाही.

जुनी चिप विकण्यात गैर काहीच नाही. जुनी म्हणून विकली तर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो, आणि बिल न देणे हीदेखील. पै-पै साठवून पहिला संगणक घेणाऱ्या घराशी असा व्यवहार होतो याचा आम्हाला संताप येतो. ज्यांना आकडे वाचता येतात त्यांना कोणी फसवत नाही. फसते ते पहिल्यांदा दुकानात शिरणारे कुटुंब.

मग पैसे घालावेत कशात? आधी एसएसडीत. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि माहिती शोधायला तिच्यावरून एक टोक इकडून तिकडे सरकते. असे शोध तिला सेकंदाला शंभर-सव्वाशेच जमतात, एसएसडी तेच काम हजारोंनी करते. संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, ब्राउझर उघडताना अडकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो, या तबकडीचा असतो. त्यानंतर रॅम. चार जीबी आता अपुरी आहे. ती भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकते आणि सगळे मंदावते. अभ्यास, टॅली, ऑनलाइन वर्ग, साधे प्रोग्रॅमिंग यांना आठ जीबी चालते. सोळा असेल तर चार वर्षे चिंता नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन एआयच्या सर्व्हरकडे वळले आहे. म्हणून आज आठ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि बोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, ते पाहून घ्यावे. प्रोसेसरच्या आकड्यामागे ‘एफ’ हे अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रच उमटणार नाही. स्वस्त वाटलेला सौदा तिथे महागात जातो.

हे सगळे दुकानातच तपासता येते. संगणक सुरू करायला सांगा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर गेलात की उजवीकडे वर चिपचे पूर्ण नाव आकड्यासह दिसते. ‘मेमरी’वर गेलात की रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते कळते. वेग १३३३ किंवा १६०० असेल तर ती डीडीआर-३. २६६६, ३२०० असे आकडे डीडीआर-४चे. खाली डिस्कपुढे एसएसडी की एचडीडी, तेही लिहिलेले असते.

ज्यांचे बजेट खरेच तुटपुंजे आहे त्यांनी नव्याचा हट्ट सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आयटी कंपन्यांनी बदलून टाकलेले नामांकित कंपन्यांचे डेस्कटॉप ‘रिफर्बिश्ड’ म्हणून उघडपणे विकले जातात. त्यातला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा घ्यावा, त्यात नवी एसएसडी बसवून घ्यावी. आठव्याच पिढीचा आग्रह अशासाठी, की विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रावर दुकानदार विंडोज ११ आडमार्गाने टाकून देतो, पण पुढचे अपडेट येतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरात आधीच असे जुने यंत्र असेल तर ते भंगारात देण्याचीही गरज नाही. एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली तर ते चालते, मराठी टंकलेखनासह.

बाजाराकडून मागणी एकच. पक्के बिल, आणि त्यावर ‘आय-फाइव्ह संच, नग एक’ असे मोघम न लिहिता प्रोसेसरचा पूर्ण आकडा, बोर्डचा प्रकार, रॅम कोणती आणि किती, एसएसडी कोणत्या कंपनीची, कोणता भाग नवा, कोणता वापरलेला आणि कशाची हमी किती वर्षांची. इंटेलच्या नव्या, डबाबंद प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची हमी असते; दुकानदार ‘आमची वर्षाची वॉरंटी’ म्हणत असेल तर डबा दाखवा म्हणावे. व्यापारी संघटनांनी हा बिलाचा नमुना आपणहून लागू करावा. जिथे असे लिहून द्यायला नकार मिळेल तिथून पालकाने सरळ शेजारच्या दुकानात जावे, आणि जुना माल नवा म्हणून गळ्यात मारलाच गेला असेल तर ते बिल हाताशी घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.