पासवर्ड बरोबर, तरी वायफाय जोडेना? म्हणून कुलूपच काढू नका

आमच्या काष्टीत शनिवारी गुरांचा बाजार भरतो. गाड्या, जनावरं, बाहेरगावची माणसं. गर्दी पार आमच्या ओट्यापर्यंत येते. अशाच एका शनिवारी लक्षात आलं की आमच्या वायफायला पासवर्डच नाही.

झालं असं, नवा राऊटर बसवला आणि घरातला विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर काही केल्या जोडला जाईना. पासवर्ड बरोबर, तरी 'कनेक्ट होत नाही'. जोडणीला आलेल्या पोराने थोडी खटपट केली आणि सिक्युरिटी सरळ 'ओपन' करून टाकली. "चाललं ना दादा, आता कशाला डोकं लावता?"

डोकं का लावायचं, तर २००८ मुळे. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथल्या अमेरिकन भाडेकरूची चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले. तपासात निघालं ते एवढंच, की त्याचं वायफाय उघडं होतं आणि वापरलं दुसऱ्यानेच. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय तसंच वापरलं गेलं. बाहेरून फक्त तुमच्या कनेक्शनचा पत्ता दिसतो. त्याला कोण जोडलं होतं ते दिसत नाही. त्यामुळे ज्याच्या नावावर कनेक्शन, चौकशी आधी त्याच्याच दारात.

आता मूळ दुखणं. नव्या राऊटरवर डब्ल्यूपीए३ असतं, ते आलं २०१८ मध्ये. विंडोज ७ ला ते कळतच नाही. विंडोज १० ला २०१९ च्या अपडेटपासून कळतं, पण वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हरही तसा लागतो. म्हणजे पासवर्ड चुकला नव्हता, दोघांची भाषा जुळत नव्हती. राऊटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडा. काही जुनी कार्डं त्यालाही अडतात (माझं अडलं), मग 'डब्ल्यूपीए२ एईएस' ठेवा. कॉम्प्युटरवरून जुनं नेटवर्क काढून पुन्हा नव्याने जोडा. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते २००१ मध्येच फुटलंय.

पासवर्ड परत लावण्याआधी मी राऊटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. आमची पाच. यादीत अकरा. राऊटरचा स्वतःचा 'ॲडमिन' पासवर्डही तेव्हाच बदलला. तो अजून कंपनीने दिलेलाच होता.