डोळे वटारणाऱ्या गाड्या

समृद्धी महामार्गावर, वर्धा जिल्ह्यातल्या सरळसोट पट्ट्यातही, कारला ताशी 120 किलोमीटरचीच मुभा आहे. आजच्या स्पोर्ट्स कार मात्र उभ्या जागी गुरगुरतात: चिरलेले दिवे, वासलेला जबडा, हवा आत न घेणाऱ्या खोट्या जाळ्या.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ती झळकली. इंजिन चालकाच्या पाठीमागे, त्यामुळे बुटकी, रुंद ठेवण शोभून दिसते. पण एवढ्या आवेशामागे रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन! रूपाने अंमळ जास्तच बोलून टाकलं.

1961 च्या जॅग्वार ई-टाइपला असा राग आणावा लागला नाही. विमानाच्या क्षेत्रातून आलेल्या माल्कम सेयरने तिची वळणं गणिताने काढली. बॉनेटवरचा तो फुगवटाही नखरा नव्हे. खालच्या उंच इंजिनाला जागा हवी होती.